खांबावरचं खांबावर

लाखनीच्या डोमाजी काकाजींनी माझा कॉम्प्युटर साफ करून दिला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांची थोडी चेष्टा करणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की बाई उपकार विसरली. डोमाजी हे त्यांचं खरं नाव नाही. तुमच्यावर लिहू का, असं विचारल्यावर त्यांनी दोन अटी घातल्या. नाव बदलायचं आणि उंच दाखवायचं. पहिली पाळली. दुसरी पाळता येत नाही, कारण काकाजी माझ्या कानाएवढे आहेत. "खांबावर चढलो का मी साऱ्या लाखनीपेक्षा उंच होत होतो, तेवढं तरी लिहजो," असं म्हणाले, म्हणून तेवढं लिहिलं.

काकाजी टेलिफोन खात्यात लाईनमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गल्लीत अजून त्यांना लाईनमनच म्हणतात. आमच्या समोरचं घर त्यांचं. राहायला आल्यावर आठवडाभरात त्यांची एक सवय माझ्या नजरेत भरली. त्यांच्यासमोर कुणी मोबाइलचा किंवा कसलाही गुप्त आकडा दाबायला लागलं, की ते तोंड फिरवतात. आपणही नजर बाजूला करतो, तसं नव्हे. काकाजी उठतात, भिंतीपाशी जातात, लपंडावात राज्य आलेल्या पोरासारखे भिंतीला नाक लावतात आणि तिथूनच विचारत राहतात, "झालं का?" किराणा दुकानात पुढच्या गिऱ्हाइकानं मोबाइल काढला, तर हे पाठ करून रस्त्यावरचे ट्रक बघत उभे. एकदा असे उभे असताना मागचे दोघं सामान घेऊन निघून गेले. काकाजी शेवटी घरी आले ते साखरेशिवाय.

त्यांच्या घरात तर याचं नाटकच होतं. काकाजींना साखरेचा आजार, म्हणून गिरजाकाकू, म्हणजे त्यांची बायको, गुळाचा डबा लपवून ठेवतात. एकदा तो कुठं ठेवलाय हे त्या मला खुणेनं दाखवत होत्या, तर काकाजी आपणहून भिंतीकडं वळले. काकूंनी कपाळाला हात लावला. "पाहा वं. यायनं चोरून खाल्लं असतं तं मी भांडली असती. हा मानूस पाहतच नाही, तं लपवाची मजाच काय?"

या सवयीचं मूळ खांबावर आहे. लाईन तपासायची म्हणजे खांबावर चढून हातातला टेस्टफोन तारेला लावायचा आणि ऐकायचं. चालू लाईन असली तर बोलणं कानावर पडणारच. कुणाचं ठरलेलं लग्न मोडायला आलंय, कुणाची सासूशी जुंपलीय, कुणी नापास होऊन घरी पास सांगितलंय, सगळं काकाजींच्या कानावरून गेलं. त्यांचं म्हणणं एकच. "कानात पडलं तं पडलं. आपन का कान कापून ठेवाचा? पन खांबावरचं खांबावर ठेवाचं. उतरताना हात रिकामे पाह्यजे." काकूंना याचं अजून दुःख आहे. नवरा लाईनमन असून गावातली प्रत्येक बातमी त्यांना भाजीवालीकडून कळायची.

आता माझं. मी कोल्हापूरकडच्या एका खेड्यातली. आठवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा लांब होती आणि घरी धाकटी तीन भावंडं सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. लग्न झालं ते पोकलेन चालवणाऱ्याशी. हमरस्त्याचं काम निघालं तसे आम्ही लाखनीत आलो, दोन खोल्या घेतल्या. इथं धानाचा हंगाम, तिन्ही वेळा भात, बोलणं वेगळं. मी तोंड उघडलं की बायका एकमेकींकडं बघायच्या. साइटच्या ऑफिसात जुने कॉम्प्युटर काढून टाकत होते, त्यातला एक यांनी माझ्यासाठी आणला. दिवसभर घरात एकटी बसून हिचं डोकं फिरेल, असं त्यांना वाटलं असावं. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी अक्षरं उमटतात, हे मी महिनाभर धडपडून शिकले. पहिलं लिहिलेलं 'आई'.

मग काकूंच्या ओळखीनं बचत गटातल्या बायका यायला लागल्या. कुणाचा अर्ज, कुणाची यादी, कुणाच्या मुलीचा लग्नासाठी बायोडाटा. पुढं सगळ्या अकरा जणींचे आधारचे आणि बँकेच्या पासबुकाचे फोटो माझ्याच कॉम्प्युटरात राहायला लागले, कारण दरवेळी कोण काढत बसणार. सिंधूताई, गटाच्या अध्यक्ष, जरा तिखट बाई. त्या एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमचे कागद कोल्हापूरवालीपाशी हायेत, म्हंजे तिजोरीत हायेत." ते वाक्य मी घरी येऊन यांना तीनदा सांगितलं. या गावात माझं दुसरं काही नव्हतं. घर भाड्याचं, माणसं परकी. तेवढा एक विश्वास माझ्या नावावर होता.

आणि तोच मी घालवायला निघाले होते, तोही 'हो' म्हणून म्हणून. पडद्यावर मधूनमधून इंग्रजी चौकट यायची. मला वाचता यायची ती अडखळत, अर्थ लागायचा नाही. पण चौकटीत खाली दोन बटणं असतात आणि त्यातलं 'ओके' दाबलं की ती जाते, एवढं कळलं होतं. लहानपणापासून मोठ्या माणसांना, सरांना, साहेबांना मी हो म्हणत आले. नाही म्हटलं की समोरचा रागावतो, हे अंगात भिनलेलं. ती चौकट मला साहेबासारखीच वाटायची. म्हणून प्रत्येक चौकटीला हो. एकदा लाल रंगात लिहून आलं की कॉम्प्युटर धोक्यात आहे. मी घाबरले, दाबलं, तर एक रक्षक येऊन बसला. आठ दिवसांनी दुसरा आला, तो सांगायला लागला की धोका वाढलाय. त्यालाही घेतलं. मला बरं वाटायचं. पडद्याच्या कोपऱ्यात ढालींची रांग लागली होती.

शेवटी एका माणसाचा फोन आला. कंपनीतून बोलतोय म्हणाला, तुमच्या कॉम्प्युटरात बिघाड दिसतोय, मी सांगतो ते दाबा. मी दाबत गेले. तो मला मॅडम म्हणत होता. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मॅडम म्हणत होतं, आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले होते.

त्यानंतर चार-पाच दिवसांची गोष्ट. दुपारची वेळ. मी यादी टाइप करून हात मांडीवर ठेवले होते, आणि पडद्यावरचा बाण चालायला लागला. माझा हात माउसला नव्हता. बाण हळूच कोपऱ्यात गेला, बचत गटाच्या फोल्डरवर थांबला आणि फोल्डर उघडलं. मी काय केलं असेल? उठले आणि डोक्यावर पदर घेतला. परका पुरुष घरात आल्यासारखं वाटलं मला. मग खुंटीवरचा टॉवेल काढून पडद्यावर टाकला आणि तशीच समोरच्या घरी पळाले.

काकाजी ओट्यावर बसून जुना पंखा उघडत होते. मी म्हटलं, काका, कुणीतरी आत हाय.

"घरात?"

"न्हाई. कॉम्प्युटरात."

"चालूच ठेवून आली?"

"टॉवेल टाकून आलोय."

काकाजींनी पान्हा खाली ठेवला. "काहून? त्याले थंडी वाजून राहिली होती काय?"

मला रडायला येत होतं आणि हसायलाही. ते मात्र तोवर चप्पल घालून निघाले होते. आमच्या घरात आल्यावर त्यांनी कॉम्प्युटरकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ इंटरनेटच्या डबीपाशी गेले आणि वायर उपटली. "आधी पान्याचं तोंड बांधाचं, मंग गाळ काढाचा," म्हणाले. काकाजींचे वडील सानगडीला तळ्यात मासे धरायचे. तळं साफ करायचं तर आधी पाणी येण्याची वाट बंद करतात, नाहीतर एकीकडं काढावं आणि दुसरीकडून भरावं. काकाजींचं कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर हे, अधिक तारा, अधिक पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं मागं ठेवलेला एक कॉम्प्युटर. तो त्यांनी इतक्या वेळा उघडलाय की त्याच्या झाकणाला आता स्क्रूच नाहीत. रबर लावलेलं आहे.

दोन दिवस काम चाललं. आत काय काय बसलंय याची यादी त्यांनी पडद्यावर काढली आणि मला म्हणाले, वाच. मी म्हटलं मला इंग्रजी येत नाही. "अक्षरं येतात का? मंग अक्षरं वाच. नाव माह्या कानात पडलं का मी वळखतो." मी एकेक अक्षर वाचायचं, त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचं आणि प्रत्येक नावाला तेच तीन प्रश्न. हा कोन? कोनी बोलावला? अन् गेला तं कोनाचं अडन? ज्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि ज्याच्यावाचून कुणाचं अडणार नव्हतं, तो बाहेर.

ढालवाल्यांची पाळी आली. एक झाला, दोन झाले. प्रत्येकाला मी म्हणायची, हा रक्षक हाय. सातव्या रक्षकाला काकाजींनी पेन्सिल खाली ठेवली. "तळं एक अन् राखनदार सात. बाई, मंग मासे कोन खाऊन राहिलं?"

मी म्हटलं, काळजी वाटली म्हणून घेतले. तेव्हा त्यांनी मला समजावलं की कॉम्प्युटरात एक राखणदार घरचाच असतो, तो आधीपासून असतो, त्याला फक्त वेळच्या वेळी ताजं ठेवायचं. माझ्या सातांतल्या एकानं तर त्या बिचाऱ्या घरच्यालाच झोपवून टाकलं होतं. "चोरानं पहिले कुत्रा बांधला," काकाजी म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "तुमच्या कोल्हापूरकडं दारात आलेल्याले नाही म्हनाची पद्धतच नाही काय?" मी म्हटलं नाही. "इथंही नाही. पन पानी पाजून वापस पाठवते आमी. किल्ली नाही देत."

एक मात्र जाईना. काढला की पुन्हा हजर. तेव्हा त्यांनी विचारलं की हा कसा आला, आणि मला फोनवाल्याचं सांगावंच लागलं. मॅडमसुद्धा. मला वाटलं आता ते हसतील. काकाजी हसले नाहीत. थोडा वेळ पेन्सिलीनं कान खाजवत बसले. मग म्हणाले, "आपल्या मानसाले मॅडम कोनी म्हनत नाही वं. कोनी म्हनलं का आधी फोन ठेवाचा." त्या फोनवाल्यानंच स्वतःला आत यायची वाट करून घेतली होती. दुपारी जो बाण चालला, तो त्याचा हात.

काकाजींनी कॉम्प्युटर अशा रीतीनं सुरू केला की आत फक्त घरची माणसं जागी राहावीत, पाहुणे झोपलेले. तेव्हा कुठं तो चिवट पाहुणा बाहेर पडला. आणि त्याच्याच खोपटात, म्हणजे फोल्डरात, एक फाइल सापडली. काकाजींनी ती उघडली, चष्मा वर केला, आणि पुढच्याच क्षणी खुर्ची मागं सरकवून भिंतीकडं गेले. नाक भिंतीला. मी म्हटलं, मी काही आकडा टाकत नाही काका, इकडं या. ते तिथूनच म्हणाले, "हे तूच पाह्य. माह्यं काम नाही हे."

मी पाहिलं. त्या फाइलमध्ये फोन आला त्या दिवसापासून मी दाबलेलं प्रत्येक अक्षर होतं. बायकांचे अर्ज, माझा पासवर्ड, बँकेचे नंबर, सगळं ओळीनं लिहून ठेवलेलं. आणि मधे मधे दुसरंच काहीतरी. रोज दुपारी काम झालं की मी आईला पत्र लिहायची. आईला वाचता येत नाही आणि मी ते कधी पाठवलंही नाही. लिहायचं आणि न साठवता बंद करायचं. साठवलं नाही म्हणजे ते नाहीच, असं मला वाटायचं. पण ते सगळं इथं होतं, मी दाबलेल्या इंग्रजी अक्षरांत, माझी मराठी परक्या कपड्यात उभी असल्यासारखी. वरच्याच ओळीत होतं की आई, मला इथं करमत नाही. तेवढी एक ओळ काकाजींनी वाचली होती.

"झालं का?" भिंतीकडून आवाज आला.

मी म्हटलं, झालं. त्यांनी वळून फाइल काढून टाकली आणि त्या ओळीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी नाही आणि आजपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठरवलं की नुसतं झाडून भागणार नाही. चोरानं किल्ली पाहिलीय, तर कुलूपच बदलायचं. पुण्याच्या मुलाला फोन लावून विचारत विचारत त्यांनी कामाचे कागद तपासून पेन ड्राइव्हवर घेतले, कॉम्प्युटर पार कोरा केला आणि नव्यानं भरला. आत दोन खाती केली. एक मालकाचं, एक रोजच्या कामाचं. रोजच्या खात्यातून कितीही ओके दाबलं तरी नवा माणूस आत येत नाही, त्याला मालकाचा पासवर्ड लागतो. "आता म्हन हो, किती म्हनतं ते," काकाजी म्हणाले. मालकाचा पासवर्ड मीच ठरवायचा होता, लांबलचक आणि कुणाला न सुचणारा. काकाजी भिंतीपाशी उभे राहिले. मला सुचेना. बराच वेळ गेला. शेवटी भिंत म्हणाली, "लवकर कर वं. मले चुना लागून राहिला नाकाले." जुने पासवर्ड आम्ही काकूंच्या मोबाइलवरून बदलले. तेव्हाही काकाजी भिंतीलाच.

कॉम्प्युटर सुरू झाला तो नव्यासारखा. मी चहा ठेवायला उठले. मनात म्हटलं, संपलं एकदाचं. तेव्हा काकाजी म्हणाले की आता बायकांना सांगायला जायचं.

मी म्हटलं, साफ झालंय की आता. कशाला सांगायचं? काही गेलंय का नाही तेही माहीत नाही. सांगितलं तर त्या पुन्हा माझ्या दारात यायच्या नाहीत. आणि घाबरलेलं माणूस वकिलासारखं बोलतं म्हणतात, तशी मी त्यांच्यावरच उलटले. म्हटलं, "खांबावरचं खांबावर ठेवाचं, असं तुमीच म्हणता की काका."

काकाजींनी कॅलेंडरवरची यादी गुंडाळून खिशात घातली. मग म्हणाले, "ते मी ऐकलेलं होतं. हे त्यायचं गेलेलं हाये. ज्याचं गेलं त्यालेच नाही सांगतलं, तं त्याले ठेवनं नाही म्हनत, झाकनं म्हनते." आणि मग कामाचं सांगितलं. वादळात लाईन तुटली की ते घरोघर जाऊन सांगायचे, चूक कुणाचीही असो, कारण न सांगितलं तर माणूस मुकाट फोन कानाला लावून बसतो. या बायकांनाही बँकेत सांगावं लागेल, आकडे बदलावे लागतील. त्यांना माहीतच नसेल तर त्या करतील कशा?

मी म्हटलं, मग तुम्ही सांगा, तुम्हाला मानतात. ते नाही म्हणाले. बरोबर येतो, पण बोलायचं मी.

अशी आमची वरात निघाली. अकरा घरं. प्रत्येक घरी मी आत जायची आणि काकाजी फाटकाशी, घराकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड. तिसऱ्या घरी कुणीतरी मला विचारलं की लाईनमन रुसलेत का. पहिल्या घरी माझ्या तोंडून धड वाक्य निघालं नाही. चौथ्या घरापासून निघायला लागलं. बहुतेकींना आधी कळलंच नाही, मग कळल्यावर त्या घाबरल्या, मग काय करायचं ते विचारलं. बेबीबाईंनी काही विचारलं नाही. आपल्या कागदांच्या झेरॉक्स परत मागितल्या, मोजून घेतल्या आणि दार लावलं. त्या त्यानंतर माझ्याकडं आल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या तर बघतात, बोलत नाहीत. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

सिंधूताईंचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्या सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. ढाली, मॅडम, बाण, टॉवेल, सगळं. सूप थांबलं नाही. माझं झाल्यावरही काही वेळ चालूच राहिलं. मग त्यांनी विचारलं, "किती घरी सांगून आली?"

"धा. तुमचं अकरावं."

"अन् हे कोनी सांगतलं तुले, घरोघरी जाजो म्हनून?"

मी फाटकाकडं बघितलं. काकाजींची पाठ हलली नाही.

सिंधूताईंनी सूप खाली ठेवलं. "माह्यावर आलं असतं ना, तं मी नस्ती सांगाले आली," त्या म्हणाल्या. "चूप बसली असती." मग उठून मोबाइल घेतला, माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या आकडा कसा बदलायचा ते दाखव. मी दाखवलं. त्या नवा आकडा दाबायला लागल्या तेव्हा मी उठले आणि जाऊन भिंतीकडं तोंड केलं. मला ते कळलंही नाही. फाटकापासून काकाजींचा आवाज आला, "नाक लाव, नाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूताई सगळ्यांना घेऊन बँकेत गेल्या. साहेबांशी त्याच बोलल्या. कुणाचं काही गेलेलं निघालं नाही. पंधरा दिवसांनी त्या माझ्याकडं नवा अर्ज घेऊन आल्या. टेबलावर ठेवताना म्हणाल्या, "झालं का कागद माह्या डोळ्यासमोर काढून टाकजो. तिजोरी-बिजोरी काही नाही." तेव्हापासून मी तसंच करते. काम झालं की माणसासमोर कागद काढते. काही बायका आता गंमत म्हणून, मी कागद काढेपर्यंत भिंतीकडं वळून उभ्या राहतात. त्यांना बघायला बोलावलेलं असतं, हे विसरून.

बायकांना सांगून आल्यावर दोन दिवसांनी दुपारी गिरजाकाकू आमच्याकडं आल्या. हातात पातेलं, त्यात पाटोड्यांचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा. पातेलं ठेवून निघतील असं वाटलं, तर खाली बसल्या. माझे तांदूळ निवडायचे होते, ते पुढं ओढून निवडायला लागल्या. काही विशेष बोलल्या नाहीत. कुणाची गाय व्यायली, यंदा धान कसं आहे, असलं. चार वाजता उठून गेल्या. पुन्हा दोन दिवसांनी आल्या. तिसऱ्या वेळी माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, काकाजींनी तुम्हाला काही सांगितलं का माझ्याबद्दल?

काकू म्हणाल्या, "ते? चाळीस वर्षात मले काही सांगतलं असतं तं आज मी हुशार नस्ती झाली? फक्त म्हनले, दुपारी समोरच्या घरी जाऊन बसत जाजो. मी म्हनलं कायले? म्हनले, बस म्हनलं तं बस."

मी तांदळात तोंड घातलं. काकूंनी पाहिलं असणार. पण त्याही त्याच घरातल्या. त्यांनी खडा शोधायला लागल्यासारखं केलं.

त्या दुपारींनंतर मी आईला लिहायची पत्रं कमी झाली. बंद झाली नाहीत. आता लिहिते ती साठवते आणि भावाला पाठवते. तो आईला वाचून दाखवतो. पाटोड्या कशा करतात ते आईनं तीनदा विचारलंय.

आता काकाजींचे कान गेलेत. कबूल करत नाहीत. मुलाचा फोन आला की ओट्यावर बसून स्पीकर लावतात, आणि ऐकू आलं नाही की म्हणतात लाईन खरखरून राहिली. सगळ्या गल्लीला स्वच्छ ऐकू येतं. ज्या माणसानं साऱ्या लाखनीचं ऐकून पोटात ठेवलं, त्याच्या घरचं आता सगळी लाखनी ऐकते. मुलगा म्हणतो, बाबा, दोघंच तिथं नका राहू, पुण्याला या, या उन्हाळ्यानंतर घर बंदच करू. काकाजी इतके दिवस पाहू पाहू म्हणायचे. परवा हो म्हणाले. मी दारात तांदूळ निवडत होते. मला वाटतं त्यांनी सातव्या रक्षकाला मी म्हटलं होतं तसंच ते हो म्हटलं. मग त्यांनी मुलाला विचारलं, "पन तिथं मले करमन काय रे?"

मुलगा काय म्हणाला ते मी ऐकलं नाही. सूप खाली ठेवून आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. हे कामावरून आले होते, त्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं काही नाही, समोर फोन चाललाय.

काकाजींचे उपकार मी फेडले नाहीत आणि ते मला फेडूही देत नाहीत. पण एक शब्द इथं लिहून ठेवते. कोल्हापूरला जाता-येता पुणं वाटेवरच आहे. ते तिथं राहायला गेले की एका दुपारी मी त्यांच्या दारात जाईन, पाटोड्यांचं पातेलं घेऊन. कोणी पाठवलं, असं ते विचारतीलच. मी सांगणार नाही. खाली बसेन, काकूंचे तांदूळ पुढं ओढून निवडायला घेईन आणि यंदा लाखनीत धान कसं होतं ते मोठ्यानं सांगेन. करमतंय का, हे विचारणार नाही. चार वाजेपर्यंत बसेन.